कंट्रोल पास, म्हणजे सगळं पास?

लॅबवाल्यांच्या बैठकीत जेवणाआधीचं शेवटचं भाषण सहसा कोणी मनावर घेत नाही. या वेळी घेतलं. बोलणारे डॉक्टर वयाने आणि कामाने मोठे, त्यांच्याकडे शिकलेली निम्मी मंडळी समोरच बसलेली. विषय होता छोट्या लॅबचा वाढता खर्च. बोलता बोलता ते एलिसा स्ट्रिप रीडरवर आले. टेस्ट लावण्याआधी रीडर तापवत ठेवायचा, फिल्टर तपासायचा, ब्लँकचा आकडा बघायचा, स्ट्रिप उलटी फिरवून पुन्हा वाचायची, हे सगळं त्यांच्या मते सोवळं आहे. किटमधले कंट्रोल पास झाले की रीडर पास. नवी यंत्रं चालू होतानाच स्वतःला तपासतात. आणि या खटाटोपात रोजचा अर्धा तास जातो तो जातोच. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या मुलीने, डीएमएलटी होऊन तिला जेमतेम वर्ष झालं असेल, वहीत लिहून घेतलं : ‘कंट्रोल पास = रीडर पास.’

त्या वहीतल्या ओळीसाठी हा लेख. डॉक्टरसाहेबांबद्दल मला आदर आहे आणि त्यांच्या बोलण्यातला काही भाग बरोबरही आहे, तो पुढे मान्य करते. पण ती ओळ चुकीची आहे. का चुकीची, ते आकड्यांनिशी सांगता येतं.

ज्यांचा लॅबशी संबंध रिपोर्ट आणण्यापुरताच येतो त्यांच्यासाठी आधी थोडं. एलिसा ही पद्धत १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एव्हा एंगव्हाल आणि पीटर पर्लमान यांनी मांडली. त्याच वर्षी हॉलंडमध्येही दोघे संशोधक स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते. कावीळ-ब, एचआयव्ही, डेंग्यू यांच्या असंख्य तपासण्या आज याच पद्धतीने होतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने बनवलेलं डेंग्यूचं किट सरकारी रुग्णालयांत जातं तेही एलिसाच, आणि मे २०२० मध्ये याच संस्थेने कोविडच्या अँटिबॉडीसाठी काढलेलं ‘कवच’ हेही एलिसाच. प्लास्टिकच्या पट्टीत आठ छोट्या वाट्या असतात, त्यांना आम्ही वेल म्हणतो. अशा बारा पट्ट्या एका चौकटीत बसतात. वेलमध्ये रुग्णाचं सीरम घालायचं, ठरलेला वेळ ठेवायचं, धुवायचं, एन्झाइम जोडलेलं द्रावण घालायचं, पुन्हा धुवायचं, शेवटी रंग देणारं सबस्ट्रेट. ते बहुतेक वेळा टीएमबी असतं. जिथे शोधतोय ती गोष्ट आहे तिथे निळा रंग चढतो. वरून आम्ल घालून क्रिया थांबवली की निळ्याचा पिवळा होतो. तो पिवळा किती गडद आहे हे ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचं काम रीडरचं. आकडा येतो त्याला ओडी म्हणतात. ओडी १ म्हणजे दहातला एक भाग प्रकाश पलीकडे पोचला, २ म्हणजे शंभरातला एक. मग किटच्या पत्रकातल्या सूत्राने कट-ऑफ काढायचा. वर गेला तो पॉझिटिव्ह, खाली राहिला तो निगेटिव्ह.

आता डॉक्टरसाहेबांचा सगळ्यात दमदार मुद्दा. बाकीचे मुद्दे याच खांबाला टेकून उभे आहेत, म्हणून आधी हाच घेते. युक्तिवाद असा : किटचे निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले नमुने, रुग्णाच्या नमुन्याबरोबर त्याच रीडरवर वाचले जातात. रीडर कमी वाचत असेल तर सगळ्यांनाच कमी वाचेल, कट-ऑफही तेवढाच खाली येईल, निकाल तोच राहील. काटा खोटा असला तरी दोन्ही पारड्यांना सारखाच खोटा.

ऐकायला पटतं. काही किटच्या बाबतीत ते खरंही आहे. ज्यांचा कट-ऑफ निव्वळ गुणाकाराने ठरतो, म्हणजे निगेटिव्हच्या इतके पट, तिथे सगळे आकडे एकाच प्रमाणात घसरले तर निकाल बदलत नाही. पण तुमच्या फ्रीजमधल्या किटांची पत्रकं काढून बघा. अनेकांचं सूत्र आहे : निगेटिव्ह कंट्रोलची सरासरी अधिक एक ठरावीक आकडा. हा ठरावीक आकडा रीडरला ओळखत नाही. तो कारखान्यातल्या नीट लावलेल्या रीडरवर ठरलेला असतो आणि तुमचा रीडर घसरला म्हणून तो घसरत नाही.

समजा निगेटिव्हची सरासरी ०.०५० आहे, ठरावीक आकडा ०.१५०. कट-ऑफ झाला ०.२००. एका रुग्णाचा नमुना ०.२८०, म्हणजे फिका, पण निर्विवाद पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह कंट्रोल १.९००. किटची अट अशी धरा, की निगेटिव्ह ०.१००च्या आत हवा आणि पॉझिटिव्ह ०.८००च्या वर.

आता रीडर निम्मं वाचतोय असं समजा. निगेटिव्ह ०.०२५. अट पास. पॉझिटिव्ह ०.९५०. अट पास. कट-ऑफ ०.०२५ अधिक ०.१५०, म्हणजे ०.१७५. आणि तो रुग्ण? ०.१४०. निगेटिव्ह.

दोन्ही कंट्रोल पास, प्रिंटआउटवर कुठे खूण नाही, आणि पॉझिटिव्ह माणूस निगेटिव्हचा कागद घेऊन घरी गेला. डॉक्टरसाहेब, कुठल्याही डीएमएलटीच्या मुलाला हा हिशेब फळ्यावर पाच मिनिटांत करून दाखवता येतो. शिवाय कंट्रोल कसे निवडलेले असतात तेही बघा. पॉझिटिव्ह ठळक पॉझिटिव्ह, निगेटिव्ह स्वच्छ निगेटिव्ह. रुग्ण मात्र कधी कधी नेमका मधल्या चिंचोळ्या पट्टीत उभा असतो. काही किटमध्ये पॉझिटिव्ह कंट्रोल इतका गडद येतो की रीडरची मोजण्याची हद्दच संपते. ओडी ३ला हजारातला एक भाग प्रकाश पलीकडे पोचतो. यंत्राच्या पोटात तेवढाच भटका प्रकाश इकडून तिकडून शिरला तर खरा ३ तुम्हाला २.७ दिसतो. अशा टोकाला बसलेला कंट्रोल रीडरच्या तब्येतीबद्दल काय सांगणार?

‘निम्मं कोण वाचतंय, उगाच टोकाचं उदाहरण’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक अनुभव सांगते. चूक दुसऱ्या कोणाची नाही, माझ्या हातची आहे.

आमचं गाव समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. जूनपासून मीठ ओलं, पापड मऊ, आगपेटी निकामी. या हवेत रीडरच्या फिल्टरचं काय होत असेल? हे फिल्टर साधी रंगीत काच नसतात. काचेवर अतिशय पातळ थर एकावर एक चढवून ते बनवतात, आणि ठरावीक रंगाचाच प्रकाश पुढे सोडतात. कडेने दमट हवा शिरली की थर सुटायला लागतात. हे फिल्टर ज्याच्या खाचांत बसवलेले असतात ते चाक काढून पाहिलं तर एखाद्या फिल्टरच्या कडेला मोतीबिंदूसारखा धुरकट पट्टा दिसतो, तो आत आत सरकत येतो. एका जुलैमध्ये मी असंच चाक बाहेर काढलं, फिल्टर एकेक करून पुसले आणि परत बसवले. संध्याकाळची वेळ, वीज गेलेली, टेबलावर मोबाइलचा उजेड. फिल्टर आरशासारखे चकचकतात. कडेवरचा कोरलेला आकडा उजेडात धरूनच वाचावा लागतो. मी ४५०च्या खाचेत ४९२ बसवला आणि ४९२च्या खाचेत ४५०.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र चालू केलं. त्याने स्वतःची तपासणी केली आणि ‘रेडी’ म्हणून मोकळं झालं.

डॉक्टरसाहेबांचा दुसरा मुद्दा इथेच बसतो : नवी यंत्रं स्वतःला तपासतात. तपासतात, पण काय तपासतात ते कोणी विचारत नाही. दिवा लागला का, प्रकाश पुरेसा येतोय का, चाक फिरून आपल्या जागी थांबलं का. माझ्या यंत्राला खाच क्रमांक दोन ठाऊक होती. त्या खाचेत काच कुठली आहे हे त्याला कळायचा मार्गच नव्हता. त्याच्या लेखी खाच दोन म्हणजे ४५०, आणि प्रिंटआउटवर ४५०च छापून येत होतं. पिवळ्याचा माथा ४५०ला. ४९२ला तो उताराला लागलेला. आकडे खाली आले, कंट्रोल पास होत राहिले.

दोन दिवसांनी मला कळलं ते एका जुन्या सवयीमुळे. प्रत्येक रनचा पॉझिटिव्ह कंट्रोल मी आलेखाच्या कागदावर टिंब देऊन मांडते. १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज या दोघांनी रुग्णालयाच्या लॅबसाठी ही रीत सुचवली, तिला आता जगभर त्यांच्याच नावाने ओळखतात. माझ्या कागदावर दोन महिन्यांची टिंबं एका पट्ट्यात होती आणि शेवटची दोन खाली, एकटी, विहिरीत पडल्यासारखी. किटच्या अटीत दोन्ही बसत होती. तरीही मी चाक उघडलं.

त्या दोन दिवसांतले सगळे नमुने डीप फ्रीजमध्ये होते. ते पुन्हा लावले. एक बदलला. कावीळ-बचा होता, गरोदर बाईचा, सातवा महिना. आईला कावीळ-ब आहे हे प्रसूतीआधी माहीत असेल तर बाळाला जन्मल्यापासून बारा तासांच्या आत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही देतात. लस सरकारी कार्यक्रमात सगळ्याच बाळांना मिळते. हे दुसरं इंजेक्शन आईचा रिपोर्ट बघून मागवावं लागतं. रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर कोणी मागवत नाही. मी त्या बाईंच्या घरी फोन केला, चूक माझी आहे असं सांगितलं, नवा रिपोर्ट हातात नेऊन दिला. त्यांच्या सासूबाईंनी चहा केला. तो चहा मला गिळवला नाही.

तिसरा मुद्दा वेळेचा. त्यावर मात्र मला सरळ हसू येतं. एलिसाचं पहिलं इन्क्युबेशन अनेक किटमध्ये तासाभराचं असतं. स्ट्रिप इन्क्युबेटरमध्ये गेल्यावर टेक्निशियन काय करतो? चहा पितो, पेशंटचं रक्त घेतो, मोबाइल बघतो. त्याच वेळी रीडरचं बटण दाबलं तर दिवा तापायला लागतो. आपण वेगळा एक मिनिटही देत नाही. हॅलोजनचा दिवा असेल तर त्याची तार तापून प्रकाश स्थिरावायला दहा-पंधरा मिनिटं जातात, कधी त्याहून जास्त. आपापल्या यंत्राच्या पुस्तकात वेळ दिलेली असते. एलईडीचा रीडर असेल तर हा प्रश्न जवळजवळ उरत नाही, आणि तेवढ्यापुरते डॉक्टरसाहेब बरोबर आहेत. पण आपल्याकडे जुने हॅलोजनवाले रीडर अजून खंडीभर आहेत. त्यातल्या काहींना आणखी एक खोड असते : थोडा वेळ कोणी हात लावला नाही की दिवा वाचवण्यासाठी ते तो मंद करतात. सकाळी तापवून ठेवलेलं यंत्र दुपारी वाचनाच्या वेळी परत गार असतं. आणि वाचन लांबवता येत नाही, कारण आम्ल घातल्यावर ठरलेल्या मिनिटांत वाचायचं असतं. म्हणजे ज्या क्षणी घाई असते त्याच क्षणी ‘अरे, तापला नाही अजून’ असं होतं आणि पहिली स्ट्रिप गार दिव्यावर, बारावी तापलेल्या दिव्यावर वाचली जाते. अर्धा तास गेला असं जे म्हणतात त्यांचा तो असा जातो.

कंट्रोलच्या युक्तिवादात आणखी एक भोक आहे आणि त्याबद्दल बैठकीत कोणीच बोललं नाही. कंट्रोल बसतात कुठे? पहिल्या स्ट्रिपच्या ए पासून डी किंवा ई पर्यंत. पुढच्या एफ, जी, एच या जागा कंट्रोलचं तोंडही बघत नाहीत. काही रीडरमध्ये आठ वेलांसाठी आठ वेगळे डोळे असतात; एफच्या डोळ्यावर धूळ बसली तर प्रत्येक स्ट्रिपमधला सहावा रुग्ण जास्त वाचला जातो आणि पहिले पाच बिनघोर असतात. काहींत डोळा एकच असतो आणि स्ट्रिप त्याच्यासमोरून पावलापावलाने सरकते. दोन वेलांच्या मध्यांत अंतर ९ मिलिमीटर, म्हणजे ए पासून एच पर्यंत ६३. स्ट्रिप ट्रेमध्ये किंचित तिरकी बसली, किंवा सरकवणारी मोटर थोडी थोडी मागे पडू लागली, तर ए मध्ये किरण वेलच्या मधोमध आणि एच पर्यंत जाता जाता भिंतीला घासतो.

यावरचा उपाय इतका साधा आहे की त्याला सोवळं म्हणायचं धाडस मला होत नाही. रंग असलेली एक स्ट्रिप वाचायची. मग तीच उलटी फिरवून वाचायची. एफचा वेल आता सीच्या जागी आला. आकडा वेलबरोबर फिरला तर तो वेलचा आहे, रंगाचा आहे. आकडा जागेला चिकटून राहिला तर दोष जागेचा आहे. दोन वाचनं, मोजून दोन मिनिटं, तीही आठवड्यातून एकदा केली तरी पुरे. आमच्याकडे एकदा एच चिकटला होता. ट्रे उघडला तर कोपऱ्यात झेंडूची पाकळी. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना हार घालतो, रीडरलाही घातला होता; देवाने प्रसाद आत ठेवला. तेव्हापासून हार भिंतीवरच्या स्विचबोर्डाला.

ब्लँकबद्दल थोडक्यात. ब्लँकच्या वेलमध्ये सीरम किंवा एन्झाइमचं द्रावण पडायचं नसतं, फक्त रंगाचं आणि आम्लाचं. त्याचा आकडा रीडर बाकी सगळ्यांतून वजा करतो. एखाद्या दिवशी हात चुकून एन्झाइम ब्लँकमध्ये गेलं तर ब्लँक ०.३ येतो आणि सगळ्या रुग्णांतून ०.३ वजा होतात. प्रिंटआउटवर ब्लँकसमोर ०.००० छापलेलं असतं, कारण वजाबाकी झालेली असते! निगेटिव्ह कंट्रोल शून्याखाली गेला तर शहाणा माणूस थबकतो. पण उणे आकडा शून्य करून छापणारी यंत्रंही आहेत. म्हणून वजाबाकीच्या आधीचा मूळ आकडा बघायचा. बहुतेक रीडरमध्ये तो दिसायची सोय असते, कोणी चालू करत नाही एवढंच.

दुसऱ्या तरंगलांबीचं प्रकरण असंच. ४५०बरोबर ६३०ला किंवा त्याच्या आसपास आणखी एक वाचन घेऊन पहिल्यातून वजा करायचं, म्हणजे प्लास्टिकवरचा ओरखडा, बोटाचा ठसा असले दोष गळून पडतात. उत्तम सोय. फक्त वेल नीट हलवला नसेल आणि तळाशी हिरवट झाक उरली असेल, तर तो उरलेला निळा ६३०ला पकडला जातो आणि आपल्याच आकड्यातून कापला जातो. हिरवा वेल दिसला की थांबा, हलवा, मग वाचा. हे डोळ्यांना दिसतं; त्यासाठी यंत्र लागत नाही.

आणि प्रोग्राम. रीडरच्या पोटात प्रत्येक टेस्टचा प्रोग्राम साठवलेला असतो : कुठल्या वेलमध्ये ब्लँक, कुठे कंट्रोल, सूत्र कुठलं, ठरावीक आकडा किती. तो कोणीतरी कधीतरी भरलेला असतो, बहुधा यंत्र बसवायला आलेल्या इंजिनियरने. त्यानंतर कंपनी बदलते, पत्रक बदलतं, निगेटिव्हचे दोन वेल होते त्यांचे तीन होतात, प्रोग्राम तोच. नव्या मांडणीतला तिसरा निगेटिव्ह यंत्र पॉझिटिव्ह समजून वाचतं आणि टेस्ट ‘इनव्हॅलिड’ येते. हे नशीब म्हणायचं, कारण निदान ओरड तरी होते. ठरावीक आकडा ०.१००चा ०.१५० झाला असेल तर कोणी ओरडत नाही. किटचं पत्रक घडी न उलगडता ड्रॉवरमध्ये जातं, वर रबरबँड. मी लॅब बघायला गेले की आधी त्या पत्रकाची घडी बघते. कोरी करकरीत घडी दिसली की पुढचं विचारायची गरज पडत नाही.

आता कबुली. डॉक्टरसाहेब म्हणाले की एलिसा बिघडते ती हाताने : पिपेट, धुणं, इन्क्युबेटरचं तापमान. शंभर टक्के खरं. रीडरपेक्षा वॉशरने, म्हणजे वेल धुणाऱ्या यंत्राने, जास्त घोटाळे केले आहेत, आणि बंद पडलेली सुई असलेला वॉशर नीट लावलेल्या रीडरला हरवतो. पण हाताची चूक बहुतेक वेळा आडवीतिडवी असते; एका वेलमध्ये जास्त, दुसऱ्यात कमी, डुप्लिकेट, म्हणजे एकाच नमुन्याचे दोन वेल, जुळत नाहीत, शंका येते. रीडरची चूक सगळ्यांना एकाच दिशेने ओढते, डुप्लिकेट छान जुळतात, आकडे गुळगुळीत दिसतात. मोठी चूक दुसरीकडे आहे म्हणून ही सोडून द्या, हा हिशेब मला कळत नाही.

त्यांचं आणखी एक खरं आहे, आणि ते त्यांनी जरा दबक्या आवाजात म्हटलं : अनेक ठिकाणी ही तपासणी होतच नाही, फक्त रजिस्टर भरलं जातं. महिन्याच्या एक तारखेला तीस दिवसांच्या सह्या, सगळ्या एकाच पेनाने, एकाच तिरकेपणाने. तापमान रोज ३७, वॉर्म-अप रोज १५ मिनिटं, फिल्टर रोज ‘ओके’. तपासणीला येणाऱ्यांना वही लागते म्हणून वही भरायची. याला सोवळं म्हणा, मी टाळ्या वाजवीन. त्या खोट्या वहीवर राग काढायचा तर वही फाडा. तपासणीच फाडून टाकली तर वहीतलं खोटं अधिकृत होईल.

उरला खर्च, ज्याच्यावरून हे सगळं सुरू झालं. रीडर तपासायच्या प्रमाणित काचा महाग असतात हे खरं. वर्षातून एकदा कॅलिब्रेशनला येणारा माणूस त्या घेऊन येतो, त्याचं बिल द्यावंच लागतं. पण मधल्या तीनशे चौसष्ट दिवसांसाठी वाण्याकडचा रंग चालतो. टार्ट्राझिन, म्हणजे मिठाईत वापरायला परवानगी असलेला पिवळा रंग. चिमूटभर पाण्यात विरघळवा, ४५०ला साधारण २ ओडी येईल इतका गडद करा. मग निम्मं पाणी, पुन्हा निम्मं, पुन्हा निम्मं, आणि प्रत्येकाचे २०० मायक्रोलिटर एकेका वेलमध्ये. माप सारखंच हवं, कारण इथे प्रकाश वरून खाली जातो आणि द्रावणाची उंची हीच त्याची वाट. आकडेही निम्मे निम्मे होत गेले पाहिजेत : २, १, ०.५, ०.२५. वरच्या टोकाला दांडी मारली तर रीडरची हद्द कुठे संपते ते कळलं.

पण खरी गंमत पुढे आहे. निम्मे-निम्मेची परीक्षा माझ्या अदलाबदल झालेल्या फिल्टरनेही पास केली असती. ४९२ला आकडे कमी आले असते, पण निम्मे-निम्मेच. म्हणून तीच स्ट्रिप रीडरमधल्या सगळ्या फिल्टरवर वाचायची. हा पिवळा ४०५ला भरघोस, ४५०लाही भरघोस, आणि ४९२ला आकडा कोसळतो. ४५०च्या खाचेत कोसळलेला आकडा आणि ४९२च्या खाचेत भरघोस, असं दिसलं की चाक उघडा. फिल्टर म्हातारा होऊन धुरकट झाला असेल तर दोन फिल्टरमधलं ते गुणोत्तर महिन्यामहिन्याने सरकताना दिसतं. रंगाची पुडी पन्नास रुपयांच्या आत येते आणि लॅबचं आयुष्य संपलं तरी संपत नाही.

बैठकीनंतर जेवणाच्या रांगेत मी डॉक्टरसाहेबांना विचारलं, तुमच्या रीडरमध्ये ४५० कुठल्या खाचेत आहे? ते म्हणाले, दोन नंबर, स्क्रीनवर दिसतं ना. मी म्हटलं, स्क्रीनवर माझ्याही दिसत होतं. ते हसले, ताटात श्रीखंड वाढून घेतलं आणि म्हणाले, ताई, तुमच्याकडे वेळ फार आहे.

परवा मी त्यांच्या लॅबमध्ये टार्ट्राझिनची चार बाटल्यांची पेटी पाठवली, बाटल्यांवर क्रमांक, सोबत एक कागद : कुठल्या बाटलीतून किती घालायचं आणि कुठल्या कुठल्या फिल्टरवर वाचायचं. पेटी पोचल्याची सही आली आहे. सही त्या वहीवाल्या मुलीची आहे. बैठकीत कळलं नव्हतं, ती त्यांच्याकडेच काम करते. सहीखाली तिने पेन्सिलीने विचारलंय, आधी दिवा किती मिनिटं तापवायचा?